मोझी भुंग्याचा डावा पाय

गोऱ्या माणसानं 'मिस्टर गेन्स' म्हणून हाक मारली की रॉस्को गेन्स आधी खिसा चाचपायचा. एकोणसाठ वर्षांच्या आयुष्यात त्याला नुसतं 'रॉस्को' म्हणणारे भेटले, 'ए पोरा' म्हणणारे तर पैशाला पासरी भेटले. पण 'मिस्टर' म्हणणारे दोनच, आणि त्या दोघांनाही काहीतरी हवं होतं. एकाला त्याची खोली रिकामी करून हवी होती, दुसऱ्याला त्याचं मत. आता हा तिसरा हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतले पाच जिने चढून, टोपी हातात धरून, धापा टाकत दारात उभा होता.

"मी क्विन. कार्टूनच्या कंपनीत चित्रं काढतो," तो म्हणाला. "मिस्टर गेन्स, मी तुम्हाला स्टेजवर पाहिलंय. सात वर्षं झाली असतील. तुम्ही आणि तुमच्या मिसेस. शेवटी त्या एक गिरकी घ्यायच्या बघा..."

"आठवत नाही," रॉस्को म्हणाला.

आठवत नाही कसलं! ती गिरकी त्याच्या हाडात बसली होती. त्याच्या बायकोनं, डेलानं, ती स्वयंपाकघरात शोधून काढली होती, हातात उलथनं, तव्यावर मासे. टाच, चवडा, टाच, आणि मग अख्खं अंग एका चवड्यावर असं फिरायचं की बघणाऱ्याला वाटावं, बाई जागेवरच आहे, जमीन फिरली. डेलाला जाऊन चार वर्षं झाली होती. जाताना तिनं दवाखान्याच्या खाटेवरून एकच गोष्ट मागितली होती. "ही ज्युनीला दे. तिचे पाय माझ्यावर गेलेत. पण घाई करू नकोस, दहाची झाली की शिकव." ज्युनी म्हणजे त्यांची नात, त्यांच्या लेकीची, नेटीची मुलगी. आत्ता कुठे आठ पुरी झाली होती. तोवर ती गिरकी कुणाला दाखवायची नाही असं रॉस्कोनं ठरवलं होतं. कुणालाच नाही. ज्युनीलासुद्धा नाही, कारण पोरांच्या पोटात काही राहत नाही.

"बाबा, निदान बसा तरी म्हणा त्यांना," आतून नेटी म्हणाली. ती इस्त्री करत होती.

क्विन बसला. तीसएक वर्षांचा, बोटांवर शाईचे डाग, बोलणं मध लावल्यासारखं. म्हणाला, आमच्याकडे एक नवीन पात्र येतंय, मोझी भुंगा. त्याला नाचवायचंय, आणि आमच्यातल्या कुणाला नाच कशाशी खातात ते माहीत नाही. तुम्ही कॅमेऱ्यासमोर नाचा. मग आम्ही फिल्मची एकेक चौकट दिव्याच्या काचेवर ठेवून कागदावर गिरवू. शुक्रवारी या, जेवण आमच्याकडे.

"गिरवणार म्हणजे मी जसा हललो, तस्सा तो हलणार?"

"केसाचा फरक नाही," क्विन अभिमानानं म्हणाला.

तिथंच रॉस्कोच्या मनात पाल चुकचुकली. नाच हवा तर नाचवाले छप्पन्न पडलेत शहरात. बोलपट आल्यापासून निम्मी स्टेजं बंद आहेत, लोक बूट घासत बसलेत. मग हा बाबा पाच जिने चढून नेमका माझ्याकडे, नेमकी तीच गिरकी मागायला कसा येतो? त्याला नाही म्हणायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण दोन वर्षांत त्याला कुणी 'नाच' असं म्हटलं नव्हतं, आणि नाचणाऱ्याची ही खोड मेल्याशिवाय जात नाही.

"बघतो," तो म्हणाला. नाचणारा 'बघतो' म्हणाला की झालंच.

तो गेल्यावर मात्र रॉस्कोला चैन पडेना. हार्लेमच्या नाचणाऱ्यांचा एक कायदा होता, आणि तो एका तळघरातल्या नाचाच्या खोलीत ठरलेला होता. दुसऱ्याची गत, म्हणजे नाचातली खास चाल, उचलावी, जरूर उचलावी, पण तिच्यात आपलं काहीतरी घालावं. जशीच्या तशी उचलली तर ती चोरी. म्हणून नवीन खेळ लागला की पहिल्या शनिवारी दुपारी सगळे नाचणारे पहिल्या रांगेत जाऊन बसायचे. स्टेजवरच्यानं कुणाची गत जशीच्या तशी केली, की ज्याची ती असेल तो भर खेळात उठून ओरडायचा, "ती माझी!" मग चोरानं मान खाली घालून स्टेज सोडायचं. पण उठायचं ते मालकानंच. दुसऱ्यानं त्याच्या वतीनं उठायचं नाही, आणि मालक उठला नाही तर ती गत बेवारस. जो उठला नाही, त्याची ती नाही. पांढऱ्या भुवयांचा बॅस्कम हा त्या खोलीतला सगळ्यांत जुना माणूस, आणि त्याचा शब्द म्हणजे शिक्का.

आता कागदावरचा भुंगा चोरी करणार, तेव्हा स्टेजवरून कुणाला उतरवायचं?

रॉस्कोला आठवली डेलाची 'पाय', म्हणजे रताळ्याचं सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेली गोड पोळी. चर्चमधल्या बायका कृती मागायला आल्या की डेला नाही म्हणायची नाही. हसून सगळं सांगायची, वजनासकट, फक्त जायफळ गाळायची. बायका घरी जाऊन करायच्या, तशी चव यायची नाही, आणि बिचाऱ्या आपल्या ओव्हनला दोष द्यायच्या.

"शेरास सव्वाशेर," रॉस्को स्वतःशी म्हणाला.

गिरकीच्या ऐन मध्यावर डेला डावी टाच एक निमिष उचलून धरायची. सगळी जादू त्या उचलण्यात होती. ती उचल गाळली की डावा पाय मागे राहतो आणि फरशीवरून घसटत येतो. बघणाऱ्याला वाटावं हीच गत, पण ती ती नव्हे. चार दिवस, ज्युनी शाळेत गेली की, पडदा ओढून रॉस्कोनं ती उचल विसरायचा सराव केला. खरं नाचायला जितकी मेहनत लागली नव्हती तितकी खोटं नाचायला लागली.

शुक्रवारी क्विननं त्याला चिनी मातीच्या कपात कॉफी दिली. कपाला बशीसुद्धा होती. मी गेल्यावर ही कपबशी धुणार की फोडणार, हा विचार रॉस्कोच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. मोठ्या हॉलमध्ये तीसचाळीस माणसं तिरक्या टेबलांवर वाकून बसली होती. प्रत्येकाच्या पुढ्यात एक आरसा. आरशात बघून वेडीवाकडी तोंडं करायची आणि तीच कागदावर काढायची. स्वतःचीच तोंडं काढता की रे तुम्ही, रॉस्कोला वाटलं, मग माझ्याकडे काय काम काढलंत?

भिंतीवर कागद टाचले होते. एक पांढरा बोकड, चष्मा लावलेला. आणि त्याच्या शेजारी मोझी भुंगा. काळं गोल अंग, टपोरे डोळे, चार बोटांचे पांढरे हातमोजे, आणि तोंडाभोवती हे एवढं रुंद पांढरं कडं.

रॉस्को कप हातात धरून त्या कागदापुढे उभा राहिला.

"हे तोंड कुणाचं?"

"भुंग्याचं."

"भुंग्याला ओठ असतात?"

क्विन हसला. "कार्टूनमध्ये सगळ्यांना असतात."

"त्या बोकडाला नाहीत."

क्विननं बोकडाकडे पाहिलं, मग भुंग्याकडे. खरंच त्याच्या ते कधी ध्यानात आलं नसावं. "पूर्वीपासून असंच काढतात," तो म्हणाला. "मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते असंच काढायचे."

"आणि हातमोजे?"

"काळ्या अंगावर काळे हात दिसत नाहीत ना. सोय आहे ती. का हो?"

"हे तोंड मी ओळखतो, साहेब."

"कुठं बघितलंत?"

"आरशात."

क्विन पुन्हा हसला, त्याला वाटलं म्हातारा गंमत करतोय. गंमत कसली डोंबलाची! रॉस्को एकोणीस वर्षांचा असताना जॉर्जियात एका तंबूच्या खेळात होता. मालक म्हणायचा, लोकांनी पैसे काळ्यासाठी दिलेत, तुझ्या रंगानं त्यांचं पोट भरत नाही. मग जन्माच्या काळ्या तोंडावर जळक्या बुचाचं काजळ फासायचं, तोंडाभोवती पांढरं कडं सोडायचं, हातात पांढरे मोजे चढवायचे, आणि कोंबडी चोरायची नक्कल करत स्टेजभर पळायचं. तीन वर्षं केलं त्यानं ते. काजळ धुऊन जायचं, पण कानामागं राहायचं. डेला भेटली आणि म्हणाली, "ते पुसल्याशिवाय माझ्याबरोबर नाचायचं नाही," त्या दिवसापासून त्यानं ते तोंड पाहिलं नव्हतं. आणि आज ते भिंतीवरून त्याच्याकडे बघून दात काढत होतं.

तेव्हाच निघून जायला हवं होतं. नेटी नंतर शंभरदा म्हणाली, बाबा, तुम्ही तिथूनच माघारी का नाही आलात? पण रॉस्कोला वाटत होतं, आपण यांच्यापेक्षा हुशार आहोत. उचल आपल्या खिशात आहे, यांच्या हाती फोलपट लागणार.

त्याला पांढऱ्या चादरीसमोर उभं केलं आणि हातमोजे घालायला दिले. त्यानं घातले. वीस वेळा नाचला, वीसही वेळा डावा पाय घसटला. क्विन टाळ्या पिटत होता.

"तो पाय घसटतो ना, तो लाजवाब! त्याचाच तर मला शोध होता! शिकून येत नाही हो ते, तुम्हा लोकांच्या अंगातच असतं!"

चार दिवस पडद्याआड घाम गाळून बसवलेला तो खोटा पाय, आणि म्हणे अंगातच असतं. रॉस्कोला मनातून इतकं हसू आलं की घरी येईपर्यंत तो खूश होता.

पुढं सात महिने काही नाही. मग एके दिवशी भिंतींवर कागद लागले: मोझी भुंगा, शनिवारी दुपारपासून. कार्टूनमध्ये खऱ्या नाचणाऱ्याच्या गती आहेत अशी कुजबुज नाचाच्या खोलीत पोचली होतीच. त्या शनिवारी बॅस्कम आणि पाचसहा जण पहिल्या रांगेत येऊन बसले. रॉस्को ज्युनीला घेऊन नवव्या रांगेत बसला. आपण आलोय हे कुणाला कळू नये असं त्याला वाटत होतं, आणि येऊन बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

मोझी आला तो कोंबडीच्या खुराड्यातूनच. डोळे गरागरा फिरले, कुत्रा मागं लागला, एका पांढऱ्या परकराला भूत समजून तो थरथरा कापला, गुडघे एकमेकांवर आपटले. पोरं खदाखदा हसत होती. मोठ्यांपैकी काही हसले, काही नुसतेच खोकले. टोपीवर पिसं लावलेली एक बाई उठली आणि दोन्ही मुलांना दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. आणि मग मोझी नाचायला लागला.

गत खोटी होती, अगदी त्यानं दिली तशी. पण बाकीचं? उजवीकडे कललेली ती मान! मेकन गावात स्टेजवरून पडल्यापासून त्याची मान तशी होती. नाचायच्या आधी कोटाची बाही खाली ओढायची त्याची सवय, भुंग्याला कोट नव्हता तरी तो मनगट ओढत होता. गिरवणाऱ्यांनी काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. पायाला कुलूप लावून तो गेला होता, आणि चोरांनी अख्खं घर उचलून नेलं होतं.

पहिल्या रांगेत बॅस्कम उभा राहिला. मागं वळला. अंधारात त्याच्या पांढऱ्या भुवया तेवढ्या दिसत होत्या, आणि त्या बरोबर नवव्या रांगेकडे वळल्या.

"रॉस्को! तुझी का रे?"

साऱ्या थिएटरनं माना वळवल्या. रॉस्कोच्या मनात एकच आलं: याला कुणी सांगितलं मी इथं आहे? हे सगळे मिळून आलेत. मी 'होय' म्हणायची खोटी, की तो ओठांचा भोपळा जन्माचा माझ्या गळ्यात. उद्यापासून गल्लीतली पोरं मला भुंगा म्हणतील. मला हसायला बघताहेत हे.

"माझी?" तो बसल्या जागेवरून ओरडला. "डोळे फुटले का तुझे? पाय घसटतोय बघ त्याचा! डेला अशी नाचायची होय?"

"तू म्हणतोस तर नाही," बॅस्कम म्हणाला आणि बसला.

ज्युनी पडद्याकडे बघत नव्हती. ती आजोबांकडे बघत होती.

त्यानंतरचं वर्ष रॉस्कोला कसं गेलं ते विचारू नका. मोझी बिस्किटांच्या डब्यावर आला, चावीच्या खेळण्यात आला. दर दोन महिन्यांनी नवं कार्टून, आणि प्रत्येकात तोच नाच, कारण एकदा गिरवलेली चित्रं ती माणसं फेकत नाहीत, पुनःपुन्हा वापरतात. फुटपाथवर पोरं डावा पाय घसटत नाचू लागली. मोठेही. चर्चच्या जेवणावळीत एकजण म्हणाला, "भुंग्याची गिरकी येते का कुणाला?" भुंग्याची! रॉस्को जेवण टाकून घरी आला.

आणि ती खुर्ची. दर शनिवारी ज्युनीच्या हट्टापायी तो सिनेमाला जायचा, आणि दर शनिवारी पहिल्या रांगेत बॅस्कमच्या शेजारची खुर्ची रिकामी असायची. थिएटर खच्चून भरलं तरी रिकामी. कुणी बसायला गेलं की बॅस्कम तिच्यावर आपली टोपी ठेवायचा. रॉस्कोला त्यातलं सगळं कळत होतं, असं त्याला वाटत होतं. मला दाखवायला ठेवलीय ही. बघ, आमच्यात आता तुला जागा नाही. तळघरातल्या खोलीत तो शिरला की बोलणी थांबायची. तो जायचाच बंद झाला.

"बाबा, तुम्हाला सावलीतही चोर दिसतो," नेटी म्हणायची.

"सावलीच चोरली माझी," रॉस्को म्हणायचा. नेटीला वाटायचं म्हातारपणचा चिडचिडेपणा.

मग ज्युनी दहाची झाली. त्या दिवशी ती शाळेतून आली ती कॉलर फाटलेली, ओठ सुजलेला. रॉस्कोनं मुद्दाम डेलाचे जुने बूट पुसून ठेवले होते. टाचांखालचे, नाचताना वाजणारे लोखंडी तुकडे नवे बसवून घेतले होते.

"कुणाशी भांडलीस?"

"कुणाशी नाही."

"बरं, इकडे ये. आज तुला तुझ्या आजीची गिरकी शिकवायची आहे. तिनं तुझ्यासाठीच ठेवलीय."

"मला येते," ज्युनी म्हणाली. आणि तिथंच, स्वयंपाकघराच्या फरशीवर, शाळेच्याच बुटांत, तिनं ती केली. टाच, चवडा, टाच. पाय खरंच डेलाचे होते. आणि ऐन मध्यावर डावा पाय मागं राहिला आणि घसटत आला.

"खोटी आहे ती!" रॉस्को ओरडला. "कुणी शिकवली तुला? त्या भुंग्यानं?"

"तुम्ही शिकवली!" ज्युनीही तितक्याच मोठ्यानं ओरडली. "तुम्हीच आहात त्याच्यात! मान अशी असते तुमची, आणि बाही अशी ओढता! मी काय आंधळी आहे? म्हणून तर मी दर शनिवारी जाते. सगळे भुंग्याला हसतात, मी तुम्हाला बघायला जाते. आज वर्गात मी सांगितलं ते माझे आजोबा आहेत, तर सगळे म्हणाले खोटारडी, खोटारडी. एक म्हणाला, त्याच्या बाबांनी कानांनी ऐकलंय, तुझ्या आजोबानंच सगळ्यांदेखत नाही म्हटलं. मग मी त्याला मारलं." तिला हुंदका आला. "आजोबा, मी खोटारडी आहे का?"

रॉस्को खुर्चीवर बसला. जायफळाची गोष्ट त्यानं तिला सांगितली, सगळी, पडदे ओढून केलेल्या सरावासकट. ज्युनी डोळे पुसत ऐकत होती.

"पण आजी रताळ्याची पाय करायची ती घरच्यांना जायफळ घालूनच द्यायची ना?" तिनं विचारलं.

चोरांपासून लपवताना त्यानं घरातल्यांनाही बिनजायफळाची वाढली होती. आणि आता तर पोरीचा शब्दही त्यात गेला होता.

शनिवारी तो नवव्या रांगेत बसला नाही. ज्युनीचा हात धरून सरळ पुढं गेला आणि पहिल्या रांगेच्या टोकाशी, भिंतीला टेकून उभा राहिला. रिकाम्या खुर्चीवर बॅस्कमची टोपी होती. बॅस्कमनं त्याला पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे तोंड वळवलं. बघ, रॉस्कोला वाटलं, ओळखही दाखवत नाही. तरी तो हलला नाही.

मोझी खुराड्यातून आला, थरथरला, पळाला. मग मनगट ओढलं, मान उजवीकडे कलली.

"ती माझी!" रॉस्को ओरडला. त्याचा आवाज चिरकला, म्हणून तो पुन्हा ओरडला. "ती माझी! माझ्या बायकोची, डेला गेन्सची! आणि तो मी आहे, तो तिथं नाचतोय तो! मी नाही म्हणालो होतो ते खोटं होतं, माझी नात खरं बोलते!"

कुठूनतरी एक हसू फुटलं, मग बरीच. "भुंगा! भुंगा!" पोरं ओरडली. रॉस्को ताठ उभा राहिला. कायद्याप्रमाणे आता चोरानं मान खाली घालून स्टेज सोडायला हवं होतं. मोझी नाचतच राहिला, दात काढून, पाय घसटत, रॉस्कोच्या खांद्यांनी. त्याला काही ऐकू येत नव्हतं.

पण पहिली रांग उठली. बॅस्कम आधी, मग बाकीचे सगळे नाचणारे. ते बाहेर चालू लागले, आणि बॅस्कमनं जाताजाता रॉस्कोच्या दंडाला धरून त्याला बरोबर घेतलं. रॉस्कोची खात्री झाली, आता बाहेर नेऊन कान उपटणार.

बाहेर लख्ख ऊन होतं. बॅस्कमनं काठी फुटपाथवर आपटली.

"दाखव."

रॉस्कोनं बाही ओढली. टाच, चवडा, टाच, आणि गिरकीच्या मध्यावर त्याचा डावा पाय मागं राहिला आणि घसटला. खोट्याचा सराव इतका पक्का झाला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी हसलं नाही.

"आजोबा," ज्युनी हळूच म्हणाली, "जायफळ राहिलं."

त्यानं डोळे मिटले. तव्यावरचे मासे, उलथनं, डेलाची उचललेली टाच. पुन्हा केली. या वेळी टाच निमिषभर हवेत राहिली आणि फुटपाथ त्याच्याखालून फिरला.

"ही डेलाची," बॅस्कम म्हणाला. "आणि तो तू."

"होय, मीच." रॉस्कोचा श्वास लागला होता. "आता हसा काय हसायचं ते. वर्षभर वाळीत टाकलंतच. ती खुर्ची मला दाखवायला रिकामी ठेवायचात, मला काय कळत नव्हतं?"

बॅस्कमनं बाकीच्यांकडे पाहिलं, आणि त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अरे गाढवा," तो म्हणाला, "तीस वर्षं बघतोय आम्ही ती मान. पहिल्या शनिवारीच ओळखली. त्या भुंग्याची गोष्ट सोड, आपल्यातल्या कुणी ते काजळ फासलं नाही? मी फासलंय, यानं फासलंय. पण दुसऱ्यानं उठून चालत नाही, मालकानंच उठायला लागतं. वर्षभर दर शनिवारी तुझी जागा धरून बसलो, आज येईल, उद्या येईल, इथून उठून ओरडेल. तू आपला नवव्या रांगेत."

थिएटरच्या आतून पोरांच्या हसण्याचा आवाज येत होता, कार्टून अजून संपलं नव्हतं.

"आजोबा, पुन्हा करा," ज्युनी त्याचा कोट ओढत म्हणाली. "टाच नेमकी कधी उचलायची ते मला नीट दिसलं नाही."

"काय लपवून करतोस," बॅस्कम म्हणाला. "सगळ्यांना दिसेल अशी कर."

बॅस्कमनं काठीनं ताल धरला. रॉस्को कसाबसा खाली वाकला आणि त्यानं नातीची डावी टाच हातात धरली.